रक्ताच्या उंबरठ्यावरचे पाणी

हिंगोली जिल्ह्याच्या पाण्याची हकिकत सांगू लागले की ती तीन नद्यांपासून सुरू करावी लागते. दक्षिणेकडे पूर्णा, जिच्यावर वरच्या अंगाला येलदरी आणि त्याच्याखाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर अशी दोन धरणे उभी आहेत. उत्तरेला विदर्भाची सीमा आखीत जाणारी आणि इसापूरला अडवलेली पैनगंगा. आणि या दोहोंच्या मधून, हिंगोली शहराला वळसा घालून पैनगंगेला मिळणारी कयाधू, जी श्रावणात जितकी उतावळी तितकीच वैशाखात बेपत्ता. निजामाच्या अमलात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी असलेले, पुढे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठाणे झालेले आणि १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्यालय म्हणून दप्तरी दाखल झालेले हे गाव राज्यकर्त्यांबरोबर आपला दर्जा बदलत आले. परंतु त्याच्या पायाखालचा काळा कातळ आणि त्या कातळात मुरणारे पाणी यांनी कोणत्याही फर्मानाची दखल घेतली नाही. दख्खनच्या बेसाल्टातून झिरपलेले विहिरीचे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची शिदोरी बांधूनच वर येते. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून पांढरट खरपुडी धरते, हे इथल्या गृहिणीला कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्यावाचून ठाऊक असते.

पिणाऱ्या माणसाला या पाण्याचा फारसा उपद्रव होत नाही, कारण त्याचे आतडे निवड करते आणि निवडीत जे चुकून आत शिरले ते त्याची मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि जे आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा डायलिसिसला बसतात, त्यांचा प्रश्न अगदी निराळा आहे. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रव वाहतो. चार तासांच्या एका बैठकीत त्याचे १२० लिटर होतात आणि तीन बैठकांचे ३६० लिटर. निरोगी माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असे धरले, तर आठवड्याचा त्याचा हिशेब १४ लिटरांचा. म्हणजे सामान्य माणसाच्या पंचवीसपट पाणी या रुग्णाच्या रक्ताच्या निकट येते, आणि त्या दोहोंमध्ये निवड करणारे आतडे नसते. असते ती फक्त एक अतिशय पातळ कृत्रिम पटलिका, जिला विष आणि पोषण यांतला भेद कळत नाही, कणाच्या आकारमानाचा तेवढा कळतो. जो पदार्थ त्या पटलिकेच्या छिद्रांतून जाण्याइतका लहान आहे आणि पाण्याच्या बाजूला अधिक आहे, तो रक्ताच्या बाजूला जाणार, हा निसर्गनियम आहे. आणि तो गेल्यावर त्याला बाहेर काढणारे इंद्रियच त्या शरीरात उरलेले नसते.

एके काळी या जिल्ह्यातील रुग्णाला डायलिसिससाठी नांदेड, औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावे लागे, आणि प्रवासाच्या शिणानेच निम्मा जीव जाई. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली, जिल्हा रुग्णालयांत ही सोय पोहोचवण्याचे धोरण ठरले आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने या उपचाराचा खर्च उचलला. २०२४ मध्ये तर हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. परंतु यंत्र जेव्हा महानगरातून जिल्ह्याच्या गावी येते, तेव्हा त्याला महानगराचे पाणी, महानगराची वीज आणि महानगराचा दुरुस्तीवाला यांतले काहीच बरोबर आणता येत नाही. त्याला जिल्ह्याचे पाणी प्यावे लागते. डायलिसिस केंद्राच्या मागच्या बाजूला, बहुधा जिन्याखाली किंवा गच्चीवर, पाण्याची जी खोली असते, तिच्यातील आकडे कधी चढतात, कधी उतरतात आणि का, याचा शोध घेणे हा या लेखाचा विषय आहे.

पाण्याची वाट

त्या खोलीत पाणी एकापाठोपाठ एक अशा चौक्या ओलांडत जाते. प्रथम वाळू व गोट्यांचा गाळणी-स्तंभ, ज्यात गाळ अडतो. त्यानंतर सक्रिय कोळशाची टाकी, ज्यात क्लोरीन आणि त्याचा चिवट भाऊबंद क्लोरामिन नाहीसे होतात. मग सॉफ्टनर, ज्यातील राळेचे बारीक मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतात आणि बदल्यात सोडियम देतात, आणि हा साठा संपला की ज्यांना मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करावे लागते. त्यापुढे पाच मायक्रॉनची काडतूस-गाळणी, मग दाबाचा पंप आणि शेवटी ज्याच्या नावाने सगळा संच ओळखला जातो तो आरओ, म्हणजे दाबाखाली पाणी पुढे ढकलून क्षार मागे ठेवणारे मेम्ब्रेन. तिथून निघालेले पाणी साठवणीच्या टाकीत आणि टाकीतून वर्तुळाकार नळमार्गाने प्रत्येक यंत्रापर्यंत जाते व न वापरलेले परत टाकीत येते.

या मांडणीतील महत्त्वाची गोष्ट ही की प्रत्येक चौकी पुढच्या चौकीचे रक्षण करते. कोळसा थकला तर क्लोरीन मेम्ब्रेनला जाळते. सॉफ्टनर थकला तर क्षार मेम्ब्रेनवर साचतात. वाळू तुंबली तर सर्वांचाच दाब पडतो. म्हणून मेम्ब्रेनच्या तोंडाशी दिसणारा दोष पुष्कळदा मेम्ब्रेनचा नसतो; गुन्हा मागे कुठेतरी घडलेला असतो आणि पंचनामा मात्र पुढे होतो. महागडे मेम्ब्रेन बदलून टाकावे आणि दोन महिन्यांनी तोच आकडा पुन्हा वर आलेला पाहावा, हा अनुभव ज्या केंद्रांनी घेतला त्यांनी पुरवठ्याच्या उलट दिशेने चालत जाण्याचा कंटाळा केलेला असतो. आणि उलट दिशेने चालत गेले की रुग्णालयाची भिंत मध्ये येते. तिथे बहुतेकांचा तपास थांबतो. खरे तर तो तिथून सुरू व्हायला हवा.

ऋतूंप्रमाणे बदलणारे संकट

हिंगोली शहराचा पाणीपुरवठा सिद्धेश्वर धरणावर अवलंबून आहे. धरणाचे पाणी, बोअरचे पाणी आणि टँकरचे पाणी ही नळातून येताना एकसारखीच दिसतात. परंतु मेम्ब्रेनच्या दृष्टीने ती तीन भिन्न पाणी आहेत, आणि वर्षाच्या ओघात रुग्णालयाच्या टाकीत ती आलटून-पालटून, कित्येकदा एकमेकांत मिसळून पडतात.

पावसाळ्यात नदीला गढूळ लोंढे येतात. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी वाढवावी लागते, आणि तुरटी हा ॲल्युमिनियमचा क्षार आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने, म्हणजे आयएस १०५०० ने, लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.२ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगे मानले आहे. डायलिसिसच्या पाण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र ही मर्यादा ०.०१ मिलिग्रॅमची आहे, म्हणजे वीसपट कडक. हा कडकपणा काही पंडितांच्या लहरीतून आलेला नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्या रुग्णांची वाचा अडखळू लागली, स्मृती ढासळू लागली, हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. तेव्हा आल्फ्रे आदी संशोधकांनी त्यांच्या मेंदूतील व हाडांतील ॲल्युमिनियमचा माग काढीत काढीत तो पाण्यापर्यंत नेला. गढूळपणा काढण्यासाठी घातलेली वस्तूच बुद्धी गढूळ करीत होती.

पौष-माघात पाणी थंड होते. मेम्ब्रेनमधून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण तापमानाच्या प्रत्येक अंशामागे साधारण तीन टक्क्यांनी बदलते. त्यामुळे उन्हाळ्यात तासाला जेवढे पाणी सहज मिळत होते तेवढे जानेवारीच्या पहाटे मिळत नाही आणि पहिल्या पाळीला टाकी अर्धीच भरलेली दिसते. इथे काही बिघडलेले नसते. ऋतू बदललेला असतो. ज्याला हे ठाऊक नाही तो दाब वाढवतो, किंवा मेम्ब्रेन रसायनाने धुऊन काढतो आणि निरोगी मेम्ब्रेनचे आयुष्य उगाच कमी करतो. वैशाखात उलटे घडते: गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देण्याइतके तापते, मेम्ब्रेन सैलावल्यासारखे वागते, पाणी भरपूर देते आणि त्याबरोबर क्षारही थोडे अधिक सोडते. मोजणीचे उपकरण जर तापमानाचा हिशेब करणारे नसेल, तर प्रत्येक अंशाला सुमारे दोन टक्क्यांची खोटी वाढ ते आपल्या पदरची घालते.

परंतु खरी परीक्षा हळद शिजवण्याच्या दिवसांपासून पुढे, मृगापर्यंत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान जिल्ह्याला आहेच. पण हळद, ऊस, शेत आणि घर हे सारे ज्या भूजलावर हक्क सांगतात, ते याच महिन्यांत तळाला जाते. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येऊ लागले की संस्थांचा कल बोअरकडे व टँकरकडे झुकतो, आणि बोअरच्या पाण्याबरोबर काठिण्य येते, शेतातल्या खतांचे नायट्रेट येते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात नायट्रेटचा प्रादुर्भाव सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत हिंगोलीचे शेजारी नांदेड आणि यवतमाळ यांची नावे आहेत; भूगर्भाला जिल्ह्याच्या हद्दी मान्य नसतात. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. डायलिसिसच्या पाण्यात ती, त्याच परिमाणात मांडली तर, सुमारे ९. कॅल्शियमला जसे मेम्ब्रेन जवळजवळ सर्वस्वी अडवते तसे नायट्रेटला अडवीत नाही. बोअरमध्ये ९० मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि मेम्ब्रेनने त्यातील नव्वद टक्के अडवले, तरी उरलेले ९ नेमके मर्यादेच्या रेषेवर येऊन उभे राहते. विहिरीच्या पाण्यावर घरी डायलिसिस करणाऱ्या रुग्णांचे रक्त नायट्रेटमुळे प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते, हे १९७० सालीच अमेरिकेत नोंदले गेले होते. त्याआधी, १९६७ मध्ये, सॉफ्टनर निकामी झाल्याने कठीण पाणी यंत्रात गेले आणि रुग्णांना मळमळ, उलट्या, विलक्षण अशक्तपणा आणि चढलेला रक्तदाब असा लक्षणसमूह जडला. वैद्यकशास्त्राने त्याला कठीण पाण्याचेच नाव दिले.

आणि टँकर? १९९६च्या फेब्रुवारीत ब्राझीलमधील कारुआरू या गावी दोन डायलिसिस केंद्रे एकाच जलाशयाचे पाणी वापरीत होती. एका केंद्राला ते नगराच्या शुद्धीकरणातून गाळून, क्लोरीन घालून मिळे. दुसऱ्याला ते टँकरने, तो संस्कार पूर्ण न होताच. जलाशयात नील-हरित शेवाळ माजले होते आणि त्याचे विष पाण्यात उतरले होते. दुसऱ्या केंद्रातील १३० रुग्णांपैकी ११६ जणांना दृष्टिदोष, मळमळ, उलट्या सुरू झाल्या, शंभरांची यकृते निकामी झाली आणि त्या वर्षअखेरपर्यंत ५२ मृत्यू त्या विषाच्या खाती जमा झाले. पहिल्या केंद्रातील रुग्णांना तो उपद्रव झाला नाही. जलाशय तोच, गाव तेच, उपचार तोच. फरक पडला तो पाणी कोणत्या वाटेने आले एवढ्यानेच. आपल्याकडे प्रत्येक उन्हाळ्यात ही वाट बदलते, आणि ती बदलली हे पाण्याच्या खोलीत काम करणाऱ्या माणसाला बहुधा कोणी सांगत नाही.

एकच आकडा, दोन अर्थ

या खोलीत सर्वांत अधिक विश्वास ज्या आकड्यावर टाकला जातो तो टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा. तो सोपा आहे, भिंतीवरच्या लहानशा पडद्यावर अखंड दिसतो, आणि म्हणूनच फसवा आहे. एक संभवनीय उदाहरण घेऊ. हिवाळाभर शुद्ध पाण्याचा टीडीएस ८ होता. एप्रिलात एका सकाळी तो २४ झाला. तिप्पट वाढ! तंत्रज्ञाच्या छातीत धस्स होते, मेम्ब्रेन गेले असा निकाल होतो आणि खरेदीचा प्रस्ताव निघतो. पण रोजच्या नोंदवहीतले शेजारचे घर पाहिले, जिथे येणाऱ्या कच्च्या पाण्याचा आकडा लिहायचा असतो, तर काय दिसेल? हिवाळ्यात कच्चे पाणी ३०० होते आणि आज ते ९०० असेल, तर दोन्ही वेळी मेम्ब्रेनने ९७ टक्क्यांहून अधिक क्षार अडवले आहेत. मेम्ब्रेन आपली चाकरी पूर्वीइतक्याच इमानाने बजावीत आहे, बदलले आहे ते पाण्याचे मूळ, धरणाच्या जागी बोअर आला आहे. उलट कच्चे पाणी आजही ३०० च असेल, तर अडवणूक ९२ टक्क्यांवर घसरली आहे आणि मेम्ब्रेन खरोखर आजारी आहे. २४ हा आकडा दोन्ही ठिकाणी एकच. पहिल्या बाबतीत इलाज टाकीच्या नळाशी, दुसऱ्या बाबतीत संचाच्या पोटात. कच्च्या पाण्याचे घर रिकामे सोडणारी वही ही निम्मी साक्ष खोडून टाकते.

आणि मेम्ब्रेन आजारी असले तरी त्याचा आजार कोणता, हेही आकड्यांच्या जोडीवरूनच ओळखावे लागते. क्षार अधिक येऊ लागले आणि पाण्याचा प्रवाहही वाढला, तर मेम्ब्रेनची वीण क्लोरीनने जळाली आहे. दोष कोळशाच्या टाकीचा. क्षार वाढले आणि प्रवाह मात्र घटला, तर त्यावर चुन्याची खरपुडी बसली आहे, दोष सॉफ्टनरचा. प्रवाह घटला, क्षार विशेष वाढले नाहीत, पण आत जाणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दाबातील अंतर वाढत चालले, तर गाळ किंवा जीवाणूंचा बुळबुळीत थर साचला आहे. हे सारे आठवड्यांच्या ओघात घडते. क्षार एका रात्रीत उडी मारून वर गेले असतील, तर नळीच्या सांध्यातील रबरी कडे निसटले असण्याची शंका आधी घ्यावी. आणि रोज सकाळी आकडा चढतो व पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप खाली येतो, अशी तक्रार असेल तर ती बिघाडाची नव्हे, निद्रेची आहे: संच रात्रभर थांबला की दाब नाहीसा होतो आणि अडवलेल्या बाजूचे क्षार हळूहळू पाझरत शुद्ध बाजूला येतात. ते पहिले पाणी वाहून जाऊ द्यायचे, एवढाच त्यावर उपाय. लाईट गेली आणि आली की हेच पुन्हा घडते. ज्या गावात दिवसातून चार वेळा वीज जाते तिथे ही निद्रा चार वेळा लागते, आणि घाईच्या पाळीत ते पहिले पाणी टाकून देण्याचे धैर्य होत नाही.

विजेचा याहून घातकी खेळ सॉफ्टनरच्या घड्याळात होतो. जुन्या पद्धतीच्या स्वयंचलित सॉफ्टनरला विजेवर चालणारे घड्याळ असते आणि राळेला मिठाच्या पाण्याने ताजे करण्याची वेळ सहसा रात्री दोनची लावलेली असते, कारण त्या वेळी एकही रुग्ण यंत्रावर नसतो. वीज सहा तास गेली की घड्याळ सहा तास थांबते. मग त्याच्या लेखी रात्रीचे दोन वाजतात तेव्हा खऱ्या जगात सकाळचे आठ वाजलेले असतात, पहिली पाळी रंगात आलेली असते, आणि राळ ताजी होत असताना पुष्कळ संचांत कठीण पाणी बगल मारून तसेच पुढे जाते. त्या दिवशी मेम्ब्रेनवर अकस्मात काठिण्य आणि मीठ यांचा मारा का झाला, याचे कोडे दुपारी यंत्र उघडून सुटत नाही. भिंतीवरच्या आणि सॉफ्टनरच्या घड्याळांकडे एकदा आळीपाळीने पाहिले की सुटते.

ज्याला यंत्र ओळखत नाही

डायलिसिस यंत्राला स्वतःची राखण करणारी घंटा असते, मग भीती कसली, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की ती घंटा द्रवाची विद्युतवाहकता मोजून वाजते, आणि तयार द्रवात मीठ व इतर क्षार मुद्दाम घातलेले असल्याने त्याची वाहकता शुद्ध पाण्याच्या शेकडो पट असते. इतक्या गजबजाटात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम क्लोरामिनची पावले तिला ऐकू येत नाहीत; ॲल्युमिनियमची नाहीत, जीवाणूंची तर नाहीतच. क्लोरामिन मात्र अत्यल्प प्रमाणातही लाल पेशी फोडू शकते, म्हणून एकूण क्लोरीनची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम ठरली आहे. जलाशय आटत आला, त्यातील सेंद्रिय कुजणे वाढले आणि पाण्यात अमोनिया आला की नळाच्या पाण्यात घातलेली ब्लीचिंग पावडर तिथेच क्लोरामिन तयार करते. म्हणून फक्त मुक्त क्लोरीन मोजणारी रंगपट्टी उन्हाळ्यात निर्धास्त करते आणि दगा देते. एकूण क्लोरीन मोजावे, प्रत्येक पाळीपूर्वी मोजावे, आणि कोळशाच्या दोन टाक्या एकापुढे एक असतील तर पहिल्या टाकीनंतर मोजावे, म्हणजे पहिली थकल्याची वर्दी मिळते तेव्हा दुसरी अजून पहाऱ्यावर असते. बॅकवॉश केला, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून टाकी धुतली, की कोळसा पुन्हा नवा होतो, असा समज ठिकठिकाणी आढळतो. बॅकवॉशने कोळसा सैल होतो, त्यावरची धूळ निघते. त्याची संपलेली शक्ती परत येत नाही. ती मुदत संपली की कोळसा टाकूनच द्यावा लागतो.

क्लोरीन गेले की पाण्याचा रखवालदारही गेला. मेम्ब्रेनपुढचे पाणी रसायनदृष्ट्या जितके निर्मळ तितकेच जीवाणूंपुढे निराधार असते, आणि साठवणीची टाकी, नळाचा न वाहणारा फाटा, रविवारची सुट्टी ही त्यांची वस्तीची ठिकाणे. मानकाप्रमाणे मिलिलिटरमागे १०० वसाहतींपेक्षा कमी जीवाणू हवेत, आणि ५० ला पोहोचताच कारवाई सुरू व्हायला हवी. त्यांच्या मृत देहांतून सुटणारे एंडोटॉक्सिन ०.२५ एककांच्या आत हवे. जीवाणू मेले तरी हे विष मरत नाही, उकळूनही सहज जात नाही, आणि ते रक्ताच्या बाजूला शिरले की रुग्णाला बैठकीच्या मध्यावर हुडहुडी भरून ताप येतो. एकाच रुग्णाला असे झाले तर त्याच्या कॅथेटरमध्ये जंतुसंसर्ग असेल. परंतु एकाच पाळीत तिघांना थंडी वाजली, आणि तीही सोमवारी, तर रुग्णांना तपासण्याबरोबरच रविवारभर थांबून राहिलेल्या नळमार्गाचा तपास करावा, हे शहाणपण परिचारिकांना पुस्तकाआधी अनुभवाने आलेले असते.

तपासणीची वेळ हा या सगळ्यातील मर्माचा मुद्दा आहे. नळमार्ग निर्जंतुक केल्याच्या दुसऱ्या दिवशी नमुना घेतला तर अहवाल उत्तम येणारच. नमुना घ्यावा तो पुढच्या निर्जंतुकीकरणाच्या आदल्या दिवशी, जेव्हा जीवाणूंना वाढायला पुरेपूर अवधी मिळालेला असतो. सॉफ्टनरचे काठिण्य सकाळी मोजले तर रात्री ताजी झालेली राळ उत्तीर्णच होणार. ते मोजावे शेवटच्या पाळीनंतर, जेव्हा ती दिवसभराच्या पाण्याने थकलेली असते. मेम्ब्रेन पारखावे ते कच्चे पाणी सर्वांत खारट असलेल्या महिन्यात. पाण्याला त्याच्या सर्वांत वाईट घटकेला गाठणारी तपासणीच रुग्णाचे रक्षण करते. सोयीच्या घटकेला केलेली तपासणी फाइलचे करते.

जबाबदारी कोणाची

याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळा येथे, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अणुकेंद्राहूनही सूक्ष्म अशी हालचाल तिथे मोजली जाईल, आणि ती मोजताना आसपासच्या जमिनीचा प्रत्येक थरथराट, प्रत्येक जाणारी मालमोटार हिशेबात धरावी लागेल. कारण उपकरण जितके सूक्ष्म तितका त्याच्या परिसराशी त्याचा संबंध घट्ट, हे वैज्ञानिकांनी कधीच मान्य केले आहे. डायलिसिस केंद्राच्या बाबतीत आपण हे तत्त्व मानत नाही. निविदेत यंत्रांची व खाटांची संख्या ठळक असते. आरओ संच एका ओळीत येतो. आणि त्या संचात येणाऱ्या पाण्याविषयी 'पुरवठा रुग्णालयाकडून' एवढ्या शब्दांवर मामला संपतो. रुग्णालयाच्या लेखी पाणी नगर परिषदेचे, नगर परिषदेच्या लेखी नळाच्या तोटीपर्यंतच आपली हद्द, ठेकेदाराच्या लेखी आपले काम यंत्रापुरते. या तीन हद्दींच्या सांध्यांत रुग्णाचे १२० लिटर वाहत असतात.

उपाय महाग नाहीत. काठिण्य मोजायला एक लहान बाटली पुरते, जिच्यातील थेंबांनी पाण्याचा लालसर रंग निळा होतो. एकूण क्लोरीनच्या पट्ट्या, दरमहा जीवाणूंची तपासणी, वर्षातून निदान एकदा आणि स्रोत बदलला की दर वेळी संपूर्ण रासायनिक पृथक्करण, सॉफ्टनरला हाताने ताजे करण्याची शेवटच्या पाळीनंतरची ठरलेली वेळ, आणि एक वही, ज्यात कच्च्या पाण्याचा टीडीएस, शुद्ध पाण्याचा टीडीएस, प्रवाह, दाब, तापमान, काठिण्य आणि क्लोरीन हे आकडे रोज एकाच वेळी, एकाच हाताने लिहिले जातात. जुन्या पाटबंधारे खात्यातील कारकून धरणाच्या पातळीची नोंद ज्या कर्मठपणाने ठेवीत, ज्या नोंदी पन्नास वर्षांनी अभियंत्यांच्या उपयोगी पडल्या, तसा कर्मठपणा या वहीला लागतो. एकेका दिवसाचा आकडा मुका असतो. तीन महिन्यांचे आकडे शेजारी मांडले की संचाला काय होत आहे हे ते बोलू लागतात, आणि पुष्कळदा होण्याआधीच बोलतात. सर्व आकडे रोज अगदी सारखे दिसत असतील, तर मात्र वही लिहिणाऱ्याशी बोलावे. हिंगोलीचे पाणी बाराही महिने सारखे राहत नाही.

त्याहूनही पुढची, आणि माझ्या मते सर्वांत निकडीची, गोष्ट वहीबाहेर आहे. क्लोरामिनने व फ्लोराइडने झालेल्या दुर्घटनांतून अमेरिकेने आणि ब्रिटनने जो धडा घेतला तो असा, की पाणीपुरवठा करणाऱ्याने डायलिसिस केंद्राला आपल्या प्रक्रियेतील बदल आगाऊ कळवला पाहिजे. आज तुरटी वाढवली, आज क्लोरीनची मात्रा दुप्पट केली, आज धरणाचा पंप बंद असल्याने बोअरचे पाणी सोडले आहे, आज येणारा टँकर अमुक विहिरीवरून भरला आहे, ही चार वाक्ये पाणी सोडणाऱ्या माणसाला आधीच ठाऊक असतात; ती भिंतीपलीकडच्या खोलीत वेळेवर पोहोचली, तर तंत्रज्ञ कोळशानंतरचे क्लोरीन दोनदा मोजील, सॉफ्टनर एक पाळी आधी ताजा करील, संशयास्पद टँकर टाकीत ओतू देणार नाही, आणि ज्या चढउतारांचा शोध त्याला नंतर घ्यावा लागला असता त्यांतील बहुतेक घडणारच नाहीत. जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि नगर परिषदेचे मुख्याधिकारी हे तिघे एकाच गावात बसतात. ही वर्दी देणे पाणीपुरवठा विभागातील एका नेमलेल्या कर्मचाऱ्याच्या कर्तव्यसूचीत लेखी घालायला निधी लागत नाही, निविदा लागत नाही. लागतो तो एक हुकूम, आणि तो पाळला जातो की नाही हे दरमहा वही मागवून विचारणारा एक अधिकारी.